पाचव्या बादलीला चिमूटभर

३ मार्च, सोमवार. सकाळ.

आजपासून मी ऑब्झर्व्हर. हा शब्द भिंगरीकडून तीनदा लिहून घेतला आणि चौथ्यांदा माझा मी लिहिला. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला सत्तराव्या वर्षी नोकरी लागली, तीसुद्धा विज्ञानात! हे असते तर म्हणाले असते, झालं, आता चहा कोण करणार.

भिंगरी म्हणजे माझी नात. नाव दुसरं आहे, पण लहानपणी एका जागी उभी राहील तर शपथ, म्हणून मीच हे ठेवलं. आता हॉस्टेलवर राहून बुरशीवर डिग्री करते. दर शनिवारी येते.

वही तिनेच दिली. पानांवर नंबर आधीच छापलेले आहेत, म्हणजे मधलं पान फाडलं तर लगेच कळतं. म्हटलं, मी कशाला फाडतेय बाई? उजव्या पानावर तारीख आणि पाच बादल्यांचे पाच आकडे लिहायचे. वही खोलीबाहेर न्यायची नाही. डाव्या पानाचं ती काही बोलली नाही. एवढा गुळगुळीत कागद कोरा सोडायचा माझ्या जिवावर येतं. म्हणून डावं पान माझं. डावीकडे कोण बघायला जातंय.

आजचे आकडे: दहा, दहा, दहा, दहा, दहा.

४ मार्च.

काल आनंदाच्या भरात मुद्द्याचंच राहिलं.

आमचा सूत रंगवायचा कारखाना आहे. ह्यांनी आणि मी सुरू केला, आता मुलगा बघतो. लडी रंगवून काढल्या की हौदात निळं पाणी उरतं. त्या पाण्यावरून पाण्याच्या ऑफिसची नोटीस आली आहे. पाणी साफ करा, नाहीतर कारखाना बंद. अठ्ठावीस तारखेला साहेब स्वतः बघायला येणार. मुलगा ती नोटीस खिशात घालून हिंडतो. जेवताना काढतो, वाचतो, घडी घालून परत ठेवतो, जसा काही मधल्या वेळात मजकूर बदलणार आहे.

तेव्हा भिंगरी म्हणाली, बाबा, माझी बुरशी रंग खाते. मला पंचवीस दिवस द्या.

बुरशी! माझं आयुष्य तिच्याशी भांडण्यात गेलं. चपलांवर बुरशी, कपाटात बुरशी, एकदा तर ह्यांच्या चांगल्या कोटावर. जिथे दिसली तिथे घासून काढली. आणि आता तीच आमचं दुकान वाचवणार म्हणे. ही जात पडलेल्या लाकडावर उगवते. रंग दिसला की हिच्या तोंडाला पाणी सुटतं, आणि त्या पाण्याने रंगाचे तुकडे तुकडे होतात. भिंगरीने याला एन्झाइम म्हणतात असं सांगितलं. मी म्हटलं, लाळच की.

लडी वाळवायच्या जुन्या खोलीत पाच बादल्या मांडल्या आहेत. पाचांतही हौदातलं निळं पाणी. चार बादल्यांत उकडलेल्या भुशाच्या पिशव्या, त्यात बुरशी. पाचवीत नुसत्या भुशाची पिशवी, बुरशी नाही.

माझी निवड डोळ्यांमुळे झाली. चाळीस वर्षं मी शेड जुळवली आहे. उत्तरेच्या खिडकीत ओला धागा धरला की कुठल्या पिंपातला ते सांगायचे. भिंगरीने शेडकार्ड दिलंय, दहा म्हणजे पूर्ण निळं, एक म्हणजे नळाचं पाणी. तिच्या कॉलेजच्या मॅडमकडे त्यासाठी मशीन आहे. ते बिघडलंय. मी चालू आहे.

६ मार्च, गुरुवार.

भिंगरीचा फोन. आकडे सांगितले: नऊ, आठ, नऊ, नऊ, दहा. खूश झाली. मग सहज विचारलं, आजी, पूर्वी हे पाणी कुठे जायचं गं?

मी म्हटलं, मुरायचं.

मुरायचं हे काही अगदीच खोटं नाही. सगळं पाणी शेवटी कुठेतरी मुरतंच.

डाव्या पानावर खरं लिहायला हरकत नाही. ओढ्यात जायचं. मीच ओतायची, दोन हातांनी, पदर खोचून. ज्या दिवशी लाल रंग त्या दिवशी ओढा लाल, हिरवा त्या दिवशी हिरवा. आम्हाला तर बाई कौतुक वाटायचं. एकदा खालच्या वळणावरची परटीण पांढरी चादर घेऊन आली, त्यावर निळे डाग. मी तिला बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, तुमचा साबण बदला. ती बिचारी हो म्हणाली आणि गेली.

त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. मी विसरलेसुद्धा.

७ मार्च.

सात, सहा, सात, आठ. आणि पाचवी दहा. दोन नंबरची तर काय गुटगुटीत झालीय, पिशवीतून कापसासारखी बाहेर आलीय. पाचवी आपली कोपऱ्यात, होती तशीच. तिच्याकडे बघवत नाही. म्हणून मी तिच्याकडे जास्त बघते.

८ मार्च, शनिवार.

भिंगरी आली. प्रत्येक बादलीचे फोटो काढले, माझासुद्धा एक काढला, शेडकार्ड हातात घेऊन. मी केस नीट करून घेतले.

मी विषय काढला. म्हटलं, पाचवीलाही थोडी घालू या का? तिने समजावलं. उद्या साहेब म्हणाले की पाणी नुसतं ठेवूनही साफ झालं असतं, तर त्यांना पाचवी दाखवायची. पाचवी निळीच राहिली पाहिजे. पाचवी निळी आहे म्हणून चौघींना किंमत. शंभरदा सांगते आजी, तिला हात लावायचा नाही.

पूर्ण समजलं. अगदी शंभर टक्के. पटलंसुद्धा.

९ मार्च, रविवार. दुपारी.

घातली.

चिमूटभर. चिमटीपेक्षाही कमी. दोन नंबरच्या पिशवीला इतकी माया आहे की तिला कळलंही नसेल. हात स्वच्छ धुऊन घेतला होता.

मी आमच्या घरात पाचवी. वरचे चौघे चौथीच्या पुढे शिकले. माझ्या वेळेला माझी आई म्हणाली, आता एकीला तरी घरी ठेवू या, मदतीला. मास्तर घरी येऊन म्हणाले होते, पोरीचं अक्षर चांगलं आहे. आईने त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. मला राग नाही. आई होती म्हणून. पण पाच ताटं मांडायची आणि चारच वाढायची हे मला आयुष्यात कधी जमलं नाही, आता काय जमणार.

आणि एवढीशी बुरशी काय करणार आहे? तिला चव तरी कळू दे, एवढंच.

११ मार्च.

पाचवी नऊ. उजेडाचा फरक असेल. ढग आहेत.

उजवीकडे दहा लिहिलं.

१३ मार्च, गुरुवार.

ढग नाहीत. पाचवी सात.

मला अपराधी वगैरे वाटत नाहीये. अपराधी वाटणाऱ्या माणसाचं जेवणावरून लक्ष उडतं. माझं नाही उडालं. फक्त पोळी हातात राहिली आणि सूनबाई म्हणाली, आई, कसला विचार करताय? मी म्हटलं, विज्ञानाचा.

चिमूट परत काढायला गेले. कुठली काढणार! सगळ्या पिशवीभर पसरलीय, धाग्यासारखी. भुसा आणि ती आता एकच झालेत. किती हावरट जात! एकीकडे अभिमानही वाटतो. सगळ्यात उशिरा बसली पंगतीला आणि सगळ्यांना गाठतेय.

उजवीकडे दहा.

१४ मार्च. सकाळी ८.

भिंगरी मला हसेल तर हसू दे, मी उद्या तिला सगळं सांगणार. माणसाने स्पष्ट असावं.

त्याच दिवशी, दुपारी.

सांगण्याची गरज नाही. उपाय सापडला. पाणी फिकं झालंय ना? मग गडद करायचं. त्यात काय एवढं. कपड्यांची नीळ घातली, दोन चमचे.

चार वाजता.

नीळ ती नीळच. दारातून बघितलं तर दहा, पण उत्तरेच्या खिडकीत जांभळ्यावर जाते. माझ्यासारखीला फसवणार नाही. भिंगरीचा डोळा माझ्यावर गेलाय, तिलाही फसवणार नाही.

पाच वाजता.

रंगारीबुवांकडे गेले. आमच्याकडे हे असल्यापासून आहेत, डोळे मिटून शेड काढतात. बाटलीत पाणी नेलं आणि म्हटलं, एवढा रंग हवाय, चादरीला. बुवांनी त्यात धागा बुडवला, खिडकीत धरला, तोंडाचा चंबू केला. म्हणाले, वहिनी, हा चादरीचा रंग नाही, हा हौद धुतलेल्या पाण्याचा रंग आहे. चाळीस वर्षं बघतोय.

मी म्हटलं, मला तोच आवडतो.

बरणीभर करून दिला. किती घालायचा ते सांगत होते, मी म्हटलं, बुवा, मला नका शिकवू.

१५ मार्च, शनिवार.

भिंगरी आली, पाचवीला धागा बुडवला, खिडकीत धरला. म्हणाली, दहा. पक्के दहा. शाब्बास आजी.

ही शाब्बासकी मी डोळ्यांसाठी घेतली. रंगासाठी नाही.

जाताना मिठी मारली. तिच्या केसांना त्या भुशाचा वास येत होता, ओल्या लाकडाचा. मी म्हणणारच होते काहीतरी. पण तिची बस होती. म्हणजे बस यायला अर्धा तास होता, पण अर्ध्या तासात अशा गोष्टी नीट सांगून होत नाहीत.

१६ मार्च.

पाचवी आठ! एका रात्रीत! अगं किती खाशील?

१७ मार्च, सोमवार.

एक गोष्ट आत्ता सुचली. ही वही साहेबांना दाखवायची आहे. उजवं पान बघताना डावं झाकून कोण ठेवेल?

फाडता येत नाही, नंबर आहेत. खोडायचं तर नऊ पानं कुठे खोडत बसू. मग म्हटलं, डकवू या. गव्हाच्या पिठाची छान घट्ट खळ केली, लडींना लावायचो तशी. प्रत्येक डाव्या पानावर एकेक कोरा कागद डकवला. इतकं सुबक झालंय की कोणाला वाटेल वही अशीच येते.

यापुढे डावीकडे लिहायचं आणि वाळलं की डकवायचं. लिहायचं बंदच केलं तर जास्त बरं, पण पोटात राहत नाही.

२० मार्च, गुरुवार. सकाळी ७.

आता नेम झालाय. उठायचं, तोंड धुवायचं, पाचवीला रंग घालायचा, मग चहा. हात चुकत नाही, अंदाजाने घालते आणि बरोबर दहा. दुसऱ्या दिवशी आठ. कधी सात. बाकीच्या चौघींचं खाणं आता संथ झालंय (तीन, दोन, तीन, तीन). पाचवीची भूक जातच नाही. पिशवी बादलीभर फुगलीय. हिला बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि बघितल्यावरही पडत नाही.

बरणी संपली म्हणून पुन्हा बुवांकडे गेले. काही न विचारता भरून दिली. मग म्हणाले, वहिनी, तुम्ही ओढ्याला रंग घालायचात, ते आठवतं. आता कोणाला घालताय?

मी म्हटलं, तुमचा चहा गार होतोय.

चहा नव्हताच त्यांच्यापुढे.

२२ मार्च, शनिवार.

दोन, दोन, दोन, दोन. आणि पाचवी, सकाळचा माझा हात लागल्यामुळे, दहा. भिंगरी आनंदाने खोलीभर नाचली. मुलालाही हाताला धरून आत आणलं. तो चार बादल्यांत आरपार तळ बघत राहिला. मग खिशातली नोटीस काढली, न वाचताच परत ठेवली. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

भिंगरी म्हणाली, साहेबांचं पास झालं की एप्रिलमध्ये रिपोर्ट देते, डिग्री हातात. आणि रिपोर्टमध्ये आजी तुझे आभार छापणार. तुझ्यासारखा ऑब्झर्व्हर आमच्या लॅबमध्ये एक नाही.

चहाच्या वेळी सांगायचं ठरवलं. चहाला सगळे होते. सगळ्यांसमोर नको. चहानंतर एकटी होती, पण हसत होती. हसणाऱ्या माणसाला मध्येच थांबवू नये.

२५ मार्च.

आज फोनवर सांगणारच होते. कागदावर लिहून घेतलं होतं, म्हणजे वाचून दाखवता येईल. तिने उचलल्याबरोबर विचारलं, आजी, पाचवी किती? मी म्हटलं, दहा. मग कागद उलटा करून त्यावर सूनबाईच्या सामानाची यादी केली.

मी हे कोणासाठी केलं? माझ्यासाठी नाही. मला त्यातून काय मिळालं? काही नाही. मग अपराध कसला? असं मी दिवसातून चार-पाच वेळा विचारते. उत्तर दर वेळी बरोबर येतं, तरी परत विचारावं लागतं.

२७ मार्च, गुरुवार. दुपारी.

उद्या साहेब. प्लॅन पक्का. पाचवीतली पिशवी फेकायची, नवा भुसा उकडून भरायचा, हौदातलं ताजं निळं पाणी घ्यायचं. म्हणजे पाचवी खरंच पाचवी होईल आणि मी मोकळी.

भुसा उकडला. पिशवी शिवली. बादली घेऊन हौदावर गेले.

हौद लाल. आज लाल माल आहे.

मुलगा म्हणाला, आई, बादली कशाला? म्हटलं, सहज.

आता शेवटचा मार्ग, उद्या पहाटे उरलेली बरणी ओतायची. उद्या एकच दिवस. त्यानंतर कोणत्याही बादलीला, पिंपाला, पातेल्याला हात लावणार नाही. कानाला खडा.

वहीच्या कडेला पांढरं पांढरं आलंय. खळ वाळलेली दिसते.

२८ मार्च, शुक्रवार. सकाळी ६.

ओतली. खिडकीत धरलं. दहा! असा दहा माझ्या सगळ्या आयुष्यात जमला नव्हता. नवी साडी नेसते.

२८ मार्च. संध्याकाळी.

पाठकोऱ्या कागदावर लिहिते, कारण वही आता माझ्याकडे नाही.

साहेब वेळेवर आले. बारीक माणूस, चष्मा, नाकाला रुमाल लावून आत शिरले आणि दोन मिनिटांनी रुमाल खिशात टाकला, कारण वासच नव्हता. भिंगरीच्या मॅडमही आल्या होत्या. चार बादल्या बघितल्या, चारींत तळाचा शिक्का वाचता येत होता. पाचवी बघितली. साहेब म्हणाले, फरक स्पष्ट आहे. मुलाचा चेहरा असा झाला की तो मला परत पाच वर्षांचा दिसला.

मग साहेबांनी फॉर्म काढला आणि मुलाला विचारलं, ओढ्यात पूर्वी कधी सोडलंय? मुलगा म्हणाला, एक थेंब नाही, विचारा आईला. मी मान हलवली. मान आपोआप हलली.

मग म्हणाले, वही बघू.

उघडली. पहिलं डावं पान उलटताना माझा कोरा कागद सुटून त्यांच्या मांडीवर पडला. पुढच्या पानाचाही. तिसरा, चौथा. झाडाची पानं गळावीत तसे. खळ जिथे होती तिथे बारीक पांढरी लव, मखमलीसारखी. खोलीत ओल, ऊब, आणि मी गव्हाचं पीठ लावलेलं. दहा दिवस तिची मेजवानी चालली होती. माझी अक्षरं तेवढी तिने शिल्लक ठेवली.

भिंगरी आनंदाने ओरडली, आजी, अगं वहीला पण लागली! साहेबांच्या हातून वही घेऊन डोळ्यांजवळ धरली. लव बघता बघता वाचायला लागली. मला तिचे डोळे ओळीवरून जाताना दिसत होते. एका ठिकाणी थांबले. मला माहीत आहे कुठे. त्या ओळीत एकच शब्द आहे.

साहेबांनी हात पुढे केला. तिने वही दिली नाही. माझ्याकडे बघितलं. मी म्हणू शकले असते, देऊ नकोस. पोरीने ऐकलं असतं, मला माहीत आहे. मी काहीच म्हटलं नाही. मग तिने दिली.

साहेब खुर्ची ओढून बसले. पहिल्या डाव्या पानापासून. घड्याळ वाजत होतं ते त्या खोलीत आहे हे मला आज कळलं. मध्येच त्यांनी पाणी मागितलं. सूनबाईने आणलं, ते त्यांनी पिण्याआधी उजेडाकडे धरून बघितलं. सगळं वाचून झाल्यावर मला एकच प्रश्न विचारला. त्या परटिणीने साबण बदलला का?

मी म्हटलं, हो.

फॉर्मवर त्यांनी मुलाचं उत्तर खोडलं आणि बाजूला काहीतरी लिहिलं. निकाल रद्द. प्रयोग पुन्हा, पहिल्यापासून. सहा आठवडे. तोवर हौद कोरडा, कारखान्याला कुलूप. मुलगा फक्त एवढंच म्हणाला, आई, मी तुझ्यासमोर खोटं बोललो, आणि वहीत खरं लिहून ठेवलेलं असताना तू मान हलवलीस. मग चप्पल घालून बाहेर गेला.

भिंगरी मॅडमच्या गाडीतून गेली. खरं तर आज इथेच राहणार होती, बस उद्याची होती तिची.

२९ मार्च, शनिवार.

आली नाही.

बादल्या मॅडमची माणसं घेऊन गेली. पाचवी नेताना जड म्हणून दोघांना लागली. मी म्हटलं, सांभाळून. ते म्हणाले, हो आजी. त्यांना काय माहीत.

मी तोंड धुतलं, आणि सवयीने बरणी शोधली.

३१ मार्च, सोमवार.

वही परत आली. लॅबमध्ये तिची नक्कल काढून घेतली म्हणे. प्रत्येक पानावर मॅडमची सही. प्रत्येक, डावं धरून. मी त्यांच्या मशीनबद्दल जे लिहिलं होतं त्याखालीसुद्धा सही.

डावीकडे जिथे जिथे पाचवीचा खरा आकडा लिहिला होता तिथे पेन्सिलीने गोल. नऊ, सात, आठ. उजवीकडच्या सगळ्या दहांवर काट.

आणि वीस मार्चला लाल पेनाने मॅडमचा प्रश्न: रोज किती चमचे?

संध्याकाळी भिंगरीचा फोन. आवाज कोरडा. आजी, खरंखुरं सांग, रोज किती घालत होतीस? मग म्हणाली, बुरशीचं पोट कधी भरतं, रोज रोज रंग दिला तर ती किती दिवस टिकते, हाच साहेबांचा पुढचा प्रश्न होता. कारखान्यात रंग एकदाच येत नाही, रोज येतो. जगात एका बादलीत ते झालं, आजी, तुझ्या. दोन आठवडे खाल्लं तिने, चौघींपेक्षा जास्त. फक्त किती खाल्लं ते सांग.

मी खूप आठवलं. रंगारीबुवांना विचारलं. ते म्हणाले, बरण्या तीन दिल्या, पण कितपत घट्ट ते तुमच्यासाठी म्हणून डोळ्यांनीच केलं होतं, वहिनी.

फोन करून सांगितलं, अंदाजाने.

तिने पलीकडे लिहून घेतलेलं ऐकू आलं. मग म्हणाली, बरं.

डिग्री आता दिवाळखोराच्या वायद्यासारखी पुढे ढकलली गेली. तिने नाही म्हटलं असं, माझं मीच लिहिलं.

५ एप्रिल, शनिवार.

आली. नव्या पाच बादल्या मांडल्या. खोलीला कुलूप, किल्ली तिच्या गळ्यात. मोजायला मॅडमचं मशीन दुरुस्त होऊन आलंय. सूनबाई रोज बटण दाबणार.

मी दारातून विचारलं, मी काय करू?

मला वाटलं होतं म्हणेल, काही नको. तिने शेडकार्ड दिलं. म्हणाली, साहेबांना ओढ्याचे आकडे हवेत. हौद बंद असताना रोजचे. पुलावर जा, धागा बुडव, उजेडात धर, एक आकडा लिही. खरा. उजव्या पानावर.

आणि डावं पान, मी विचारलं.

म्हणाली, तेही लिही. मी वाचणार आहे.

७ एप्रिल, सोमवार. सकाळी ९.

पुलावर गेले. गुडघा दुखतो, पण अर्ध्या तासाची वाट आहे, होते चालून. खाली वळणावर परटिणीचा धुण्याचा दगड अजून आहे. मधोमध झिजलेला. त्यावर कोणी नव्हतं.

धागा बुडवला, खिडकी नव्हती म्हणून उत्तरेकडे तोंड करून धरला.

हौद बंद होऊन, म्हणजे झिरपणंही थांबून, दहा दिवस झाले. मला वाटलं होतं, दोन असेल. फार तर तीन.

सहा.

पुन्हा बुडवला, दुसरा धागा. सहा. तळच निळा आहे. किती चमचे, ते इथेही मी मोजलं नव्हतं.

भिंगरे, तू वाचणार आहेस म्हणून सांगते. पिशवीत नव्या भुशाची मूठभर बुरशी नेली होती. शनिवारी तू जेवायला गेलीस तेव्हा कुलूप लागायचं होतं. टाकली नाही. पुलावर उभी राहून बघितलं, मूठ केवढी आणि ओढा केवढा. परत आणली आहे. ओट्यावर ठेवली आहे. कोणत्या बादलीतली ते तुझं तू ओळख, मला आठवत नाही.

आकडा: सहा.